धागा: शाळेत न घेतलेला विषय परीक्षेच्या गुणांवर भागतो का? (यूसी, सीएसयू आणि ए-जीची भानगड)

बेरीज_वजाबाकी
कॅलिफोर्नियातल्या कॉलेजप्रवेशावर इथे चार-पाच धागे आहेत आणि प्रत्येकात हा प्रश्न अर्धवट सुटलाय. म्हणून वेगळा धागा.

यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या दोन्ही सरकारी विद्यापीठसमूहांना हायस्कूलचे पंधरा वर्षभराचे कोर्स लागतात. त्यांचे सात गट, ए ते जी, म्हणून नाव ए-जी. ए म्हणजे इतिहास-समाजशास्त्र, दोन वर्षं. बी इंग्रजी, चार. सी गणित, तीन. डी विज्ञान, दोन. ई इंग्रजीखेरीज दुसरी भाषा, दोन. एफ कला, एक. जी म्हणजे यांतलाच कुठलातरी जादा विषय, एक. पंधरापैकी अकरा तरी अकरावीच्या शेवटापर्यंत झालेले हवेत, अशी यूसीची अट.

आता समजा एखादा कोर्स राहिलाच. भारतातून मधेच आल्यामुळे असेल, वेळापत्रकात बसला नसेल, नाहीतर डी ग्रेड आली असेल. अशा वेळी एसएटीचे (कॉलेजप्रवेशाची सरसकट परीक्षा) किंवा एपीचे (कॉलेजच्या पातळीचे विषयवार कोर्स, त्यांच्या परीक्षेचे मार्क १ ते ५) मार्क दाखवून तो गट भरून काढता येतो का? शाळेतली काउन्सेलर मंडळी कधी हो म्हणतात, कधी नाही. नेमकं काय?

खाडीपलीकडे
काउन्सेलर दोन्ही बाजूंनी बरोबर असतात, कारण ‘परीक्षा’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

एक, एसएटी आणि तिच्यासारखीच एसीटी. यूसीने मे २०२० मध्ये यांची सक्ती थांबवली आणि २०२१ पासून निवडीत हे मार्क बघणंच बंद केलं. सीएसयूने मार्च २०२२ मध्ये तेच केलं. पण यूसीने एक फट ठेवली आहे. तुम्ही मार्क कळवलेत तर किमान पात्रतेतली काही कमतरता भरायला, किंवा प्रवेशानंतर कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवायला ते वापरता येतात. म्हणजे एसएटीला १५५० असे भरघोस मार्क आले म्हणून अर्ज वाचणारा प्रभावित होणार नाही. त्याला तो आकडा दिसतच नाही.

दोन, एसएटी सब्जेक्ट टेस्ट. जुन्या धाग्यांत ‘गणित लेव्हल २ द्या आणि मोकळे व्हा’ असे सल्ले आहेत. ही परीक्षा जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत बंद झाली, परदेशातल्या केंद्रांवर त्याच वर्षी जूनमध्ये शेवटची झाली. ते सल्ले आता रद्दी समजा.

तीन, एपी आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, असाच विषयवार परीक्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम). खरा उपयोग यांचाच. एपीला ३ किंवा वर, आयबी हायर लेव्हलला ५ किंवा वर असतील तर त्या विषयापुरती अट भरून निघते. एपी केमिस्ट्रीला ३ म्हणजे डी गटातलं एक वर्ष. एपी यूएस हिस्टरीला ३ म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचं वर्ष. एपी आर्ट हिस्टरी किंवा म्युझिक थिअरीला ३ म्हणजे एफ गट संपला.

तेव्हा उत्तर असं, की विषयवार परीक्षा चालते, सरसकट परीक्षा जवळजवळ नाही. आणि जिथे चालते तिथेही ती रकाना भरते, ग्रेड देत नाही. लोक इथेच फसतात. यूसीचा जीपीए (ग्रेडची सरासरी) नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ए-जी कोर्सांवर निघतो. एपीचा ‘कोर्स’ शाळेत केला तर त्याची ग्रेड त्यात येते आणि वर एक जादा गुणांक मिळतो. हे जादा गुणांक जास्तीत जास्त आठ सत्रांचे, त्यातले दहावीचे चारच. नुसती परीक्षा दिली तर ग्रेडही नाही आणि जादा गुणांकही नाही.

बेरीज_वजाबाकी
म्हणजे एखाद्या सत्रात डी ग्रेड आली आणि पुढे एपीत ४ आले, तर डी पुसली जाते का?

खाडीपलीकडे
गट भरला जातो. डी मात्र जीपीएत राहते. ती काढायचा रस्ता एकच, तो कोर्स परत घेऊन सी किंवा वर आणणे.

मात्र परीक्षेकडे धावण्याआधी एक गोष्ट बघा. गणित आणि भाषा या दोन गटांत वरचा कोर्स खालच्याला झाकतो. अल्जिब्रा १ च्या पहिल्या सत्रात डी आणि दुसऱ्यात सी असेल तर अख्खं वर्ष धरतात. स्पॅनिश ३ मध्ये सी असेल तर स्पॅनिश १ आणि २ झाले असं मानतात. म्हणजे तिथे परीक्षेची गरजच पडत नाही. इंग्रजी आणि इतिहासात मात्र प्रत्येक सत्र स्वतंत्र, तिथे ही सवलत नाही.

आणि गणितात एक खिळा आहे: भूमिती. भूमितीचा कोर्स मुळातच घेतला नसेल तर पुढचं कुठलंही गणित त्याची जागा घेत नाही, कॅल्क्युलससुद्धा नाही. सातवी-आठवीत उड्या मारून अल्जिब्रा २ ला पोचलेल्या हुशार पोरांचं घोडं इथे पेंड खातं. इंटिग्रेटेड मॅथ १-२-३ घेतलेल्यांना काळजी नाही, भूमिती त्यात विभागून येते.

मोगरा
ई गटाबद्दल कुणी लिहा ना. आपली मुलं घरी मराठी बोलतात, रविवारच्या मराठी शाळेत सात-आठ वर्षं जातात. मग हायस्कूलमध्ये दोन वर्षं स्पॅनिश कशाला? मराठीची परीक्षा देऊन चालत नाही का?

शाईपेन
एपीत मराठी नाही आणि हिंदीही नाही. एपीच्या भाषा म्हणजे स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी, लॅटिन. बंद झालेल्या सब्जेक्ट टेस्टमध्येही भारतीय भाषा नव्हतीच. म्हणजे एपीचा दरवाजा आपल्याला पहिल्यापासून बंद. पण ई गटाला परीक्षेशिवायचे दोन दरवाजे आहेत, आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतात.

पहिला, औपचारिक शालेय शिक्षण. सहावी किंवा त्यापुढे किमान दोन वर्षं अशा शाळेत काढली असतील जिथे शिकवण्याचं माध्यम इंग्रजी नव्हतं, आणि सरासरी सी असेल, तर अट पूर्ण. मराठी माध्यमात सहावी-सातवी झालेल्या मुलांना हे सरळ लागू होतं. दाखला हवा तो त्या शाळेच्या प्रगतिपत्रकाचा. माध्यम कोणतं हे त्यावर छापलेलं नसेल तर मुख्याध्यापकांचं पत्र भारत सोडण्याआधीच घ्या. इथून फोन करून मागवायचं म्हणजे नातेवाइकांना दोन चकरा पडतात. इंग्रजी माध्यमात फक्त मराठी हा विषय होता, तर हा नियम लागू नाही.

दुसरा, हायस्कूलच्या प्रिन्सिपलचं प्रमाणपत्र. विद्यार्थ्याला दुसऱ्या भाषेत दोन वर्षांच्या हायस्कूल कोर्साइतकं येतं, असं शाळा ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) नोंदवू शकते. ते ठरवताना शाळेने भाषाशिक्षकांचं किंवा ती भाषा टिकवणाऱ्या सांस्कृतिक संस्थांचं मत घ्यावं, अशी यूसीची मुभा आहे. रविवारच्या मराठी शाळेचं प्रमाणपत्र इथे कामाला येतं, पण थेट नाही. ते काउन्सेलरकडे द्यायचं आणि नोंद शाळेने करायची. मुलाने अर्जात स्वतःहून ‘मराठी येते’ लिहिलं तर ती अभ्यासेतर माहिती झाली, ई गट नव्हे.

शाळेने हे केलंच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणून विचारणा नववीत करा. नाही म्हणाले तर स्पॅनिश घ्यायला तीन वर्षं हातात राहतात.

मोगरा
आणि सातवी-आठवीत मिडल स्कूलला घेतलेली भाषा?

शाईपेन
धरतात. गणित आणि भाषा, या दोनच गटांत सातवी-आठवीचे कोर्स मोजतात. अर्जात ते वेगळे भरायचे असतात. बरेच जण विसरतात आणि मग सॉफ्टवेअर एक वर्ष कमी दाखवतं.

पौडफाटा
इथे येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण एसएससी करून अकरावीत इकडे येतात. त्यांचं नेमकं काय अडतं ते कुणीतरी गटवार लिहा. ‘भारतातून आलेल्यांना सगळं माफ असतं’ आणि ‘नववीपासून परत सुरू करा’ ही दोन्ही टोकं ऐकू येतात.

खाडीपलीकडे
उदाहरण घेऊ. इंग्रजी माध्यम, महाराष्ट्र बोर्ड, दहावी पास, ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात अकरावीत दाखल.

इंग्रजी: नववी-दहावीचं इंग्रजी त्या-त्या वर्षाला धरलं जातं. अकरावी-बारावी इथे. परीक्षेचा संबंध नाही.

भाषा: नववी-दहावीच्या मार्कलिस्टवर मराठी आणि हिंदी विषय म्हणून आहेत. ते त्या वर्षांचे भाषा-कोर्स म्हणून नोंदवायचे. इथे लोक गोंधळतात. मघाचा ‘माध्यम’वाला नियम कोर्स नसतानाचा आहे, इथे कोर्सच झालाय.

गणित: ही गंमत आहे. आपल्याकडे भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती, दोन वेगळी पुस्तकं, चाळीस-चाळीस मार्कांचे दोन पेपर आणि वीस अंतर्गत. पण मार्कलिस्टवर छापलेलं असतं नुसतं ‘गणित’, शंभरपैकी. काउन्सेलर बघतो तर भूमिती कुठेच नाही. मग मुलाला भूमितीच्या वर्गात नववीच्या पोरांबरोबर बसवायची भाषा सुरू होते. उपाय साधा आहे. दोन्ही वर्षांच्या भाग २ च्या अनुक्रमणिकेची पानं सोबत न्या. समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन ही दहावीची प्रकरणं बघितली की गणित विभागाचा माणूस दोन मिनिटांत मान्य करतो. काउन्सेलरकडे न थांबता गणित विभागाकडे पाठवा म्हणायचं.

विज्ञान: इथे खरा खड्डा. आपलं विज्ञान आणि तंत्रज्ञान एकत्र आहे. डी गटाला जीव, रसायन, भौतिक यांतले दोन वेगवेगळे हवेत. म्हणून अकरावीत केमिस्ट्री आणि बारावीत फिजिक्स किंवा बायॉलॉजी घेऊन टाका. वेळापत्रकात एकच बसत असेल तर दुसऱ्यासाठी एपीची परीक्षा हा रास्त पर्याय आहे.

कला: नव्वद टक्के डोकेदुखी याची. चित्रकलेच्या शासकीय परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, यूसीच्या यादीत नाहीत. भरतनाट्यमचं अरंगेत्रम किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षाही नाहीत. त्या अर्जाच्या उपक्रमांत लिहा, तिथे त्यांचं वजन आहे. एफ गटासाठी शाळेत वर्षभराचा कोर्स, नाहीतर एपी. चित्रकला पक्की असेल तर एपी २-डी डिझाइन बघा. त्याला लेखी पेपर नाही. एका सूत्रावर काम करत गेल्याच्या पंधरा प्रतिमा आणि निवडक पाच कलाकृती, मेच्या सुरुवातीला सादर करायच्या. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या मुलाला हात जड जाणार नाही, पण ‘सूत्र’ म्हणजे काय हे समजायला वेळ लागतो. स्मरणचित्र आणि स्थिरचित्र काढून पोर्टफोलिओ होत नाही.

अजून एक. कॉलेजची अट भागली म्हणजे शाळेची भागली असं नाही. हायस्कूल डिप्लोमासाठी राज्याच्या आणि डिस्ट्रिक्टच्या स्वतंत्र अटी असतात. अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था त्यात आहे, दोन वर्षं शारीरिक शिक्षणही आहे. एपी यूएस हिस्टरीला ५ आले म्हणून शाळा इतिहासाच्या वर्गातून सोडेलच असं नाही. यूसी खूश आणि शाळा डिप्लोमा अडवून बसलेली, हा तिढा बारावीच्या मार्चमध्ये कळला तर घाम फुटतो.

तिखटजाळ
मूळ प्रश्नावर माझं मत. ही सगळी कसरत एसएटी काढून टाकल्यामुळे आहे. एका शाळेतला ए आणि दुसऱ्या शाळेतला ए सारखा नसतो. यूसीच्याच प्राध्यापकांच्या टास्क फोर्सने २०२० मध्ये अहवाल दिला होता, की पहिल्या वर्षाची कॉलेजमधली कामगिरी सांगायला एसएटीचे मार्क हायस्कूलच्या जीपीएपेक्षा सरस आहेत. तरी रीजंट्सनी, म्हणजे यूसीच्या नियामक मंडळाने, काही महिन्यांत उलटा निर्णय घेतला. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी परत आणली, डार्टमथ आणि येलने २०२४ मध्ये परीक्षेची अट परत आणली. येलने तर एसएटी-एसीटीच्या जागी एपी किंवा आयबीचे मार्क चालतील असं सांगितलं. मग परीक्षेला विषयाच्या जागी का घेऊ नये?

खाडीपलीकडे
दोन वेगळे वाद एकात मिसळताय. ‘निवडीत परीक्षा बघावी का’ हा एक. त्यावर तुमच्याशी बराच सहमत आहे. ‘परीक्षा कोर्साची जागा घेऊ शकते का’ हा दुसरा. एमआयटी-येलने परीक्षा परत आणली ती कोर्सांच्या जोडीला, बदली म्हणून नाही. येलने चार वर्षं इंग्रजी न शिकता एपी लिटरेचर द्या असं म्हटलेलं नाही.

पण तुमच्या बाजूचाच एक दाखला देतो. यूसी सॅन डिएगोच्या नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात आहे, की हायस्कूलच्या खालच्या पातळीचं गणित शिकवावं लागणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांची संख्या २०२० ते २०२५ या पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाली. कागदावर यांचा सी, म्हणजे गणिताचा गट भरलेला होता. म्हणजे कोर्स झाला याचा अर्थ विषय आला असा होत नाही. एपी कॅल्क्युलसचे ४ निदान बाहेरच्या माणसाने तपासलेले असतात. म्हणून माझं म्हणणं, बदली नको, पुरावा म्हणून जरूर हवी. गणितात ए असेल तर त्या ए-मागे एपीचे ४-५ उभे राहू द्या.

तसंच पळवाटाही बुजतायत. अल्जिब्रा २ च्या जागी डेटा सायन्स चालवायची टूम निघाली होती, ती यूसीच्या समितीने २०२३ मध्ये बंद केली.

सीईटी_कट्टा
महाराष्ट्रातून वाचतोय. आमच्याकडे चित्र बरोबर उलटं, आणि तरी प्रश्न तोच. इथे प्रवेश ठरतो परीक्षेवर, पण बारावीचा विषय ही दारातली अट. एमएचटी-सीईटीला ९९ पर्सेंटाइल आणा, बारावीला गणित नसेल तर कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या यादीत नावच येत नाही. फिजिक्स आणि गणित सक्तीचे, तिसरा विषय केमिस्ट्री किंवा ठरवून दिलेल्यांपैकी एक, आणि तिन्हींत मिळून ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४०. सीईटीचे मार्क त्या ४५ टक्क्यांची जागा घेत नाहीत.

राहिलेला विषय भरायचा आमचा मार्ग म्हणजे बोर्डाचा ‘तुरळक विषय’. बारावी पास झाल्यावर तेवढा एकच विषय घेऊन परीक्षेला बसायचं. मेडिकलला हे पूर्वी चालत नसे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढली, की मान्यताप्राप्त बोर्डाची बारावी झाल्यावर बायॉलॉजी जादा विषय म्हणून केलं तरी नीट देता येईल. तरीही, नीटमध्ये बायॉलॉजीचे निम्मे मार्क असून ‘नीटच्या बायॉलॉजीत ३४० आले, म्हणजे बायॉलॉजी येतंच’ असं कुणी मानत नाही. बोर्डाचा कागद लागतोच.

तिखटजाळ
हे मात्र विनोदी आहे. ७२० पैकी ३६० मार्कांची बायॉलॉजी आणि तरी वेगळा दाखला.

सीईटी_कट्टा
विनोदी वाटतं, पण कारण आहे. नीटमध्ये प्रॅक्टिकल नाही. बेडकाचं नाही तरी कांद्याच्या सालीचं स्लाइड तरी बनवलंय का, हे बोर्डाच्या प्रात्यक्षिकातच कळतं. प्रात्यक्षिकं कशी होतात त्यावर बोलायला वेगळा धागा लागेल :)

बेरीज_वजाबाकी
परत कॅलिफोर्नियाकडे. एपी द्यायचं ठरवलं तर तारखा काय? आणि बाहेरच्या क्लासचं काय, तिथे ‘एपी कोर्स’ म्हणून शिकवतात.

शाईपेन
क्लासचं आधी. तो कोर्स यूसीच्या मान्य यादीत नसेल तर त्याची ग्रेड कुठेच धरली जात नाही. परीक्षेचे मार्क धरले जातात. प्रत्येक शाळेची ए-जी यादी यूसीच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. कोर्साचं नाव हुबेहूब आणि त्याच वर्षासाठी आहे का ते बघूनच पैसे भरा.

तारखा: परीक्षा मेमध्ये, निकाल जुलैच्या सुरुवातीला. पण नावनोंदणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळेकडे करावी लागते, नंतर दंड. आपल्या शाळेत तो विषय नसेल तर आसपासच्या शाळांच्या एपी कोऑर्डिनेटरना सप्टेंबरातच विचारा. ‘फक्त परीक्षा’ या प्रकारात नाव घेतात, जॉइन कोड देतात. बाहेरच्या मुलांना घ्यायची शाळेवर सक्ती नाही, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारलेलं बरं.

आता खरी अडचण. यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेर जातो, निर्णय मार्चअखेरपर्यंत येतात. बारावीच्या मेमधल्या एपीने गट भरायचा बेत केलात तर त्या वेळी हातात काहीच नसतं, अर्जात ‘परीक्षा देणार’ एवढंच लिहिता येतं. प्रवेश मिळाला तरी तो सशर्त. जुलैत २ आले तर एफ गट रिकामा आणि प्रवेश रद्द होण्याची टांगती तलवार. गट भरायची एपी अकरावीच्या मेपर्यंत उरका.

खाडीपलीकडे
म्हणूनच राहिलेल्या एका कोर्सासाठी मी एपीच्या आधी कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज) सुचवेन. यूसीला चालणारा तीन सेमिस्टर युनिटचा किंवा चार क्वार्टर युनिटचा एक कोर्स म्हणजे हायस्कूलचं पूर्ण वर्ष. आर्ट हिस्टरी किंवा संगीत-रसग्रहणाचा कोर्स उन्हाळ्यात सहा आठवड्यांत होतो, एफ गट संपतो. वर ग्रेड मिळते आणि जादा गुणांकही. राज्यातल्या रहिवाशांना फी ४६ डॉलर युनिट, पण हायस्कूलच्या मुलांना बहुतेक ठिकाणी ती माफ असते, पुस्तकांचा खर्च तेवढा पडतो.

तोटे सांगतो. ती ग्रेड कॉलेजच्या कायमच्या ट्रान्सक्रिप्टवर जाते, पुढे कुठेही अर्ज केला तरी दाखवावी लागते. सहा आठवड्यांत अठरा आठवड्यांचा अभ्यास म्हणजे दर आठवड्याला दोन प्रकरणं आणि एक चाचणी. त्या सहा आठवड्यांत तीन आठवडे पुण्याला जाऊन येऊ, ऑनलाइन आहे ना, असा बेत करू नका. चाचण्यांना वेळ ठरलेली असते आणि तेव्हा तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. एपीत २ आले तर तो आकडा निदान कळवायची सक्ती नसते. कॉलेजातली डी लपवता येत नाही.

कोर्स यूसीला चालतो का ते असिस्ट या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव निवडून बघायचं. सीएसयूला चालणारा प्रत्येक कोर्स यूसीला चालतोच असं नाही. आणि अर्जात हा कोर्स हायस्कूलच्या रकान्यात नाही, ‘कॉलेज’ म्हणून वेगळी संस्था जोडून भरायचा. हायस्कूलने तो आपल्या ट्रान्सक्रिप्टवर घेतला असला तरी.

पौडफाटा
म्हणजे एसएससीवाल्यांनी अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात एफ उरकायचा?

खाडीपलीकडे
मे-जूनमध्येच पोचलात तर हो. पण आधी हायस्कूलमध्ये दाखला लागतो, कारण कॉलेजच्या परवानगीपत्रावर हायस्कूलच्या काउन्सेलरची सही हवी, आणि शाळांची कार्यालयं जूनच्या मध्यानंतर बंद होतात. जुलैत पोचणाऱ्यांनी फॉलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सत्रात, संध्याकाळचा कोर्स बघावा.

मोगरा
आणि मार्क पाठवायचे कधी?

शाईपेन
अर्जात स्वतः भरायचे. अधिकृत रिपोर्ट जिथे जायचं ठरलं त्या कॅम्पसला १५ जुलैपर्यंत, अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत. एपीचा रिपोर्ट दर वर्षी एका ठिकाणी फुकट पाठवता येतो, पण ठिकाण २० जूनच्या आत निवडावं लागतं. शाळेने मराठीची नोंद करायचं कबूल केलं असेल तर ट्रान्सक्रिप्ट रवाना होण्याआधी एकदा उघडून बघा. ती ओळ छापायची राहते, आणि जुलैत शाळेत फोन उचलायला कुणी नसतं.